स्वतःच्या ट्रकवर उतरलेल्या अमेरिकेतल्या मराठी पोरांना खुलं पत्र: इफ्टा (डिझेल टॅक्सचा हिशोब) आणि आयआरपी (ट्रकची नंबरप्लेट) आपल्या हातानं भरा

मित्रांनो,

गेल्या काही वर्षांत इथल्या ट्रक स्टॉपवर मराठी कानावर पडायला लागलंय. आधी एखादाच कुणी भेटायचा, आता न्यू जर्सी, इलिनॉय, टेक्सास, तिकडं कॅनडात ब्रॅम्प्टन साईडला आपली पोरं बऱ्यापैकी दिसतात. कुणी गॅस स्टेशनवर उभं राहून कंटाळलेला, कुणाची आयटीतली नोकरी गेलेली, कुणाच्या घरी सांगली-कोल्हापूरकडं आधीपासून गाड्या होत्या म्हणून स्टिअरिंगची ओढ होतीच. सीडीएल, म्हणजे ट्रकचं लायसन, काढलं, वर्ष-दोन वर्षं कंपनीची गाडी मारली आणि आता कर्ज काढून स्वतःचा ट्रक, स्वतःची अथॉरिटी, म्हणजे स्वतःच्या नावावर माल वाहायचा सरकारी परवाना. मला खूप बरं वाटतं बघून, पण या हिवाळ्यात जे फोन आले ते ऐकून काळजीही तेवढीच वाटायला लागलीय म्हणून हे लिहायला बसलोय.

फोन सगळे एकाच धर्तीचे. "दादा, स्टेटकडनं ऑडिटचं लेटर आलंय, काय करायचं?" आणि मी विचारलं की बाबा तुझी माईल्सची नोंद कुठाय, तर उत्तर येतं, ते सगळं परमिटवाला, म्हणजे पैसे घेऊन कागद भरणारा माणूस, बघतो. सातारा साईडचा एक पोरगा आहे, अतिशय कष्टाळू, गाडी स्वच्छ, लॉगबुक स्वच्छ, आजवर एक ॲक्सिडेंट नाही. त्याची रिटर्न्स भरणाऱ्या माणसानं दर क्वार्टरला लोडच्या रेट कन्फर्मेशनवरनं, म्हणजे ब्रोकरनं दिलेल्या भाड्याच्या कागदावरनं, अंदाजे माईल्स टाकले, म्हणजे लोड जिथनं उचलला तिथनं जिथं उतरवला तिथपर्यंतचेच, मधले रिकामे फेरे कुठंच नाहीत. पोर्टलचा पासवर्ड त्याच माणसाकडं, पावत्याही त्याच्याकडं, आणि लेटर आल्यावर त्याचा फोन बंद. आता स्टेट त्या माणसाला ओळखत नाही, इफ्टा लायसनवर नाव पोराचं आहे, देणं पोराचं आहे. एवढ्यासाठीच सांगतोय की हे कागद तुम्ही स्वतः करा. अवघड वाटतात, पण एकदा गणित कळलं की दर क्वार्टरला एका दुपारचं काम आहे.

पहिली गोष्ट डोक्यातनं काढायची ती आपली गावाकडची सवय. आमच्या कोल्हापूरच्या गाड्या बेंगलोरहून परत येताना कागल यायच्या आधीच निपाणीला टाकी फुल्ल करून घ्यायच्या, कर्नाटकात डिझेल स्वस्त म्हणून, आणि त्यात काहीही वावगं नव्हतं. आपल्याकडं डिझेलवरचा व्हॅट ज्या राज्याच्या पंपावर भरलं त्या राज्याचा, विषय तिथंच संपला, गाडी पुढं महाराष्ट्रात पाचशे किलोमीटर पळाली तरी कुणी हिशोब मागायला येत नाही. नॅशनल परमिटचंही तसंच, २०१० पासून वर्षाची कंपोझिट फी एकदा भरली की देशभर मोकळं. इथं तसं नाही. इथं टॅक्स जिथं डिझेल घेतलं तिथला नसून जिथं चाक फिरलं तिथला असतो, आणि तो हिशोब दर तीन महिन्यांनी तुम्हालाच करून द्यायचा असतो. त्याचंच नाव इफ्टा.

एक उदाहरण घेऊन बसू म्हणजे डोक्यात पक्कं बसेल. समजा एका क्वार्टरला गाडी २६,००० माईल चालली आणि ४,००० गॅलन डिझेल लागलं, म्हणजे ॲव्हरेज ६.५ पडलं. आता त्यातले ६,५०० माईल ओहायोत झाले, तर इफ्टाच्या लेखी ओहायोत तुम्ही १,००० गॅलन जाळलं. पण तिथं डिझेल स्वस्त दिसलं म्हणून तुम्ही विकत घेतलं १,४०० गॅलन. ओहायोचा टॅक्स गॅलनला ४७ सेंट, म्हणजे ४०० गॅलनचे १८८ डॉलर तुमचे ओहायोकडं जास्तीचे जमा झाले. दुसरीकडं पेन्सिल्वेनियात ५,२०० माईल, म्हणजे जाळलं ८०० गॅलन, आणि तिथं पंप महाग दिसतो म्हणून घेतलं फक्त २००. पेन्सिल्वेनियाचा दर ७४ सेंटच्या आसपास धरा, ६०० गॅलनचे ४४४ डॉलर तुम्ही देणं लागता. असं प्रत्येक स्टेटचं वजा-अधिक होऊन शेवटी एकच आकडा येतो आणि तो तुम्ही फक्त तुमच्या बेस स्टेटला, म्हणजे जिथं तुमचं खातं आहे त्या स्टेटला, भरता, पुढं ते आपापसात वाटून घेतात. पैसे परत यायचे असतील तर तेही तिथूनच येतात. दर बऱ्याच स्टेटचे मधूनमधून बदलतात म्हणून रिटर्न भरताना त्या क्वार्टरचाच तक्ता बघायचा, मागच्या क्वार्टरचा कॉपी-पेस्ट करायचा नाही.

आता याच्यातनं पैसा कसा वाचतो ते बघा, कारण हे कुणी सांगत नाही. पंपावरचा बोर्ड बघून डिझेल घेणारा माणूस फसतो. ओहायोच्या पंपावर ३.६० डॉलर आणि बॉर्डर ओलांडल्यावर पेन्सिल्वेनियात ३.८० असेल तर सगळे ओहायोत भरतात. पण स्टेटचा टॅक्स वजा करा: ओहायोत ३.१३ उरले, पेन्सिल्वेनियात ३.०६. टॅक्स तर माईलप्रमाणे तसाही द्यायचाच आहे, म्हणजे खरं डिझेल पेन्सिल्वेनियात स्वस्त पडलं, गॅलनला ७ सेंटनी. १५० गॅलन भरलं तर दहा-साडेदहा डॉलर एका वेळी. एका ट्रकवाल्याला वर्षभर ही सवय लागली तर टायरच्या जोडीचे पैसे सहज निघतात. टाकी भरायच्या आधी फोनवर दोन वजाबाक्या करायच्या, बास.

माईल्सची नोंद हा या सगळ्याचा पाया आहे आणि गडबड नेमकी तिथंच होते. इफ्टाला सगळे माईल्स लागतात. लोडेड, डेडहेड म्हणजे रिकामे, ट्रेलर सोडून बॉबटेल घरी आलात ते, गाडी सर्व्हिसला नेलीत ते, चुकीच्या एक्झिटला उतरून वळसा पडला तेही. टर्नपाईकला टोल भरलाय म्हणून ते माईल्स आपल्या मनानं वगळायचे नाहीत. एक साधी वही कॅबमध्ये ठेवा. तारीख, कुठनं कुठं, कोणत्या हायवेनं, सुरुवातीचं आणि शेवटचं ओडोमीटर, आणि प्रत्येक स्टेट लाईनला ओडोमीटरचं रीडिंग. गाडी चालवताना लिहायचं नाही हे वेगळं सांगायला नको, आकडा तोंडानं म्हणून फोनमध्ये व्हॉइस नोट टाका आणि थांबल्यावर उतरवून घ्या.

तुम्ही म्हणाल ईएलडी, म्हणजे गाडीतलं इलेक्ट्रॉनिक लॉगचं यंत्र, आहे की, तो सगळं स्टेटवाईज काढून देतो. देतो, आणि वापराच, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. ईएलडी डिसेंबर २०१७ पासून सक्तीचा झाला तो ड्रायव्हिंग अवर्ससाठी, आणि अवर्सचे लॉग कॅरियरनं ६ महिने ठेवले की कायदा समाधानी असतो. इफ्टाची रेकॉर्ड्स मात्र ४ वर्षं ठेवायची असतात. मधे तुम्ही ईएलडीची कंपनी बदलली, जुनं सबस्क्रिप्शन बंद केलं, की जुना डेटा हाताशी राहीलच असं नाही. ऑडिटर येतो तेव्हा तो दोन-तीन वर्षांपूर्वीचं क्वार्टर मागतो. म्हणून दर महिन्याच्या शेवटी रिपोर्ट डाऊनलोड करून दोन जागी ठेवा. आणि वहीतला ओडोमीटर आणि ईएलडीचा आकडा जुळतोय का बघा, डिव्हाईस निघून पडलेला असतो, अपडेट होताना मधले शंभर-दोनशे माईल गायब झालेले असतात, आणि ऑडिटरच्या डोळ्यात अशी फट पहिल्यांदा भरते.

पावत्यांचं पण नीट ऐका. पावतीवर तारीख, पंपाचं नाव-पत्ता, गॅलन, इंधनाचा प्रकार, दर, आणि तुमच्या गाडीचा युनिट नंबर किंवा प्लेट हवी. पंपावर स्क्रीन युनिट नंबर विचारते तेव्हा घाईत काहीही दाबून पुढं जाऊ नका, तोच नंबर पावतीवर छापून येतो. ते थर्मल पेपर उन्हात डॅशबोर्डवर राहिले की दोन महिन्यांत पांढरे होतात, त्याच दिवशी फोटो काढा. आणि रीफरवाल्यांनी (थंड ट्रेलरवाल्यांनी) खास लक्ष द्या: एकाच फिलिंगमध्ये ट्रॅक्टरचं डिझेल, रीफरचं डिझेल आणि डीईएफ (धूर साफ करायचं द्रव) असे तिन्ही घेता तेव्हा पावतीवर तीन ओळी येतात, त्यातली फक्त ट्रॅक्टरची ओळ इफ्टामध्ये जाते. डीईएफ हे इंधनच नाही आणि रीफरचं डिझेल रस्त्यावर गाडी पळवायला लागत नाही. खालची टोटल बघून गॅलन टाकले तर ॲव्हरेज बिघडतं आणि क्रेडिटही चुकीचं घेतलं जातं.

नोंद नसली तर काय होतं? रेकॉर्ड पुरेसं नसेल तर ऑडिटरला तुमचं ॲव्हरेज ४ माईल पर गॅलन धरायची मुभा आहे. वरच्याच उदाहरणात २६,००० माईलला ४,००० ऐवजी ६,५०० गॅलन जाळलं असं धरलं जाईल. सरासरी ५० सेंट टॅक्स पकडला तरी जादाचे २,५०० गॅलन म्हणजे १,२५० डॉलर, एका क्वार्टरचे. आणि पावत्याच नसतील तर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिटही जातं, मग पूर्ण ६,५०० गॅलनचे ३,२५० डॉलर, वर व्याज, वर पेनल्टी, आणि ऑडिट एका क्वार्टरचं नसतं. दरवर्षी सरासरी ३ टक्के खात्यांचं ऑडिट करायचं बंधन प्रत्येक स्टेटवर आहे. माझा नंबर कशाला लागतोय असं म्हणणाऱ्याचा लागतोच कधीतरी.

तारखा पाठ करा: ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी. उशीर झाला की ५० डॉलर किंवा टॅक्सच्या १० टक्के, जे जास्त असेल ते, शिवाय व्याज. आणि गावाला लग्नाला गेला होतात, तीन महिने गाडी पार्किंगमध्ये उभी होती, एक माईल झाला नाही, तरी शून्याचं रिटर्न भरायचंच. रिटर्न नाही तर इफ्टाचं लायसन सस्पेंड, आणि सस्पेंड लायसनवर स्केलला, म्हणजे वजनकाट्यावर, पकडलात तर लोड तिथंच थांबतो.

आता आयआरपी, म्हणजे ती ॲपोर्शन्ड प्लेट. २६,००० पौंडांवरची किंवा तीन ॲक्सलची गाडी एकापेक्षा जास्त स्टेटमध्ये चालवायची तर ही लागते. एकच प्लेट, एकच कॅब कार्ड (रजिस्ट्रेशनचा कागद), आणि रजिस्ट्रेशनची फी प्रत्येक स्टेटला तुमच्या माईल्सच्या टक्केवारीत वाटली जाते. नवीन माणसाला पहिल्या वर्षी कॅब कार्डावर सगळी स्टेट्स दिसतात आणि तो घाबरतो की मी तर माँटानाला कधी जाणारच नाही मग फी कशाला. २०१५ पासून असंच आहे, सगळी स्टेट्स आपोआप येतात, आणि पहिल्या वर्षी तुमची स्वतःची हिस्टरी नसल्यामुळं सरासरी अंतराच्या तक्त्यावरनं फी निघते. पुढं तुमचे खरे माईल्स लागतात, १ जुलै ते ३० जून असं वर्ष धरून. म्हणजे बघा, तीच वही. जी इफ्टाला चालते तीच आयआरपीला, आणि दोन्हीकडं आकडे वेगळे गेले तर ऑडिटर पहिला प्रश्न तोच विचारतो. आयआरपीला रेकॉर्ड अपुरं निघालं तर पहिल्या वेळेला भरलेल्या फीच्या २० टक्के, दुसऱ्या वेळेला ५० आणि तिसऱ्या वेळेला १०० टक्के बसवतात. परमिटवाला जेव्हा म्हणतो "मी अंदाजे टाकतो, काही होत नाही" तेव्हा हे आकडे त्याच्यासमोर ठेवा.

प्लेटसाठी फॉर्म २२९० ची, म्हणजे आयआरएसला भरायच्या जड गाड्यांच्या फेडरल टॅक्सच्या फॉर्मची, शिक्का मारलेली प्रत लागते. ७५,००० पौंडांच्या वर असाल तर वर्षाला ५५० डॉलर, जुलैमध्ये गाडी रस्त्यावर असेल तर ३१ ऑगस्टपर्यंत. याला ईआयएन, म्हणजे धंद्याचा टॅक्स नंबर, लागतो, सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, आणि नवीन ईआयएन निघाल्यावर लगेच ई-फाईल होत नाही, आयआरएसच्या सिस्टीममध्ये बसायला काही आठवडे जातात. ट्रकचा हप्ता सुरू झालाय आणि गाडी कागदासाठी दारात उभी आहे असं नको असेल तर ट्रक बुक करायच्या आधी ईआयएन काढून ठेवा.

काही स्टेट्स इफ्टा-आयआरपीच्या वर आपलं वेगळं मागतात आणि डिस्पॅचर हे सांगेलच असं नाही. ओरेगॉनमध्ये जड गाड्यांना डिझेलवर स्टेट टॅक्सच नाही, त्याऐवजी वजन गुणिले माईल असा टॅक्स आहे, त्याचं खातं वेगळं. असेच वेगळे टॅक्स म्हणजे न्यूयॉर्कचा एचयूटी, न्यू मेक्सिकोचा वेट-डिस्टन्स, केंटकीचा केवाययू ६०,००० पौंडांपासून, आणि कनेक्टिकटनं १ जानेवारी २०२३ पासून सुरू केलेला हायवे यूज फी. लोड घ्यायच्या आधी रूट बघा, मधे यातलं एखादं स्टेट येतंय का बघा, आणि नंबर नसेल तर तात्पुरतं परमिट आधी काढा, मग ब्रोकरला हो म्हणा. यूसीआर (कॅरियरची वार्षिक नोंदणी) दरवर्षी आणि एमसीएस-१५० (कंपनीची माहिती अपडेट करायचा फॉर्म) दर दोन वर्षांनी, हे दोन्ही सोपे आहेत. फक्त एक, अथॉरिटी मिळाल्या मिळाल्या सरकारी दिसणारी पत्रं आणि फोन यायला लागतात, अमुक भरा नाहीतर नंबर बंद होईल. एमसीएस-१५० सरकारी साईटवर अपडेट करायला एक पैसा लागत नाही. त्यासाठी पैसे मागणारा सरकार नाही, दलाल आहे.

जे अजून दुसऱ्या कॅरियरकडं लीजवर आहेत त्यांना वाटतं हे सगळं आपल्याला लागू नाही, आपलं तर ऑफिस बघतं. तुमच्या लीजमध्ये इफ्टाचं कलम वाचा. रिटर्न कॅरियर भरत असेल तर टॅक्स निघाला की सेटलमेंटमधनं, म्हणजे तुमच्या पैशाच्या हिशोबातनं, कापला जातो, पण परतावा आला तर तो तुम्हाला मिळतो का? बऱ्याच ठिकाणी मिळत नाही आणि कुणी विचारतही नाही. प्लेट कुणाच्या नावावर आहे, सोडताना ती परत द्यायची आहे का, तिचे कापलेले पैसे उरलेल्या महिन्यांचे परत मिळणार का, हे सही करायच्या आधी लेखी विचारा. इंग्रजी अडत असेल तर कुणाला तरी घेऊन बसा, लाज वाटून घेऊ नका, तुमच्या घामाचा पैसा आहे.

मला या सिस्टीमचा राग नाही, हेही सांगतो. १९८३ च्या सुमारास ॲरिझोना, आयोवा आणि वॉशिंग्टन या तीन स्टेट्सनी इफ्टा सुरू करायच्या आधी प्रत्येक स्टेटचं वेगळं परमिट आणि वेगळं रिटर्न असायचं. मग १९९१ च्या फेडरल कायद्यानं सगळ्यांना १९९६ पर्यंत यात यायला लावलं. तेव्हापासून एका ट्रकचा मालकसुद्धा एका खात्यावरनं ४८ स्टेट्स आणि कॅनडाच्या १० प्रोव्हिन्सेसमध्ये धंदा करू शकतो. छोट्या माणसाला याचा केवढा आधार आहे, फक्त नोंद ठेवायची जबाबदारी त्याच्यावर टाकलीय.

आणि आता मराठी मंडळांना एक मागणं. फ्रेस्नो, बेकर्सफिल्ड, ब्रॅम्प्टनला पंजाबी भावांचं बघा, नवीन पोरानं ट्रक घेतला की जुना माणूस त्याला शेजारी बसवून पहिलं रिटर्न भरून दाखवतो, कागद कुठं द्यायचे, कोणाला द्यायचे नाहीत सगळं सांगतो. आपल्या मंडळात टॅक्सवर, ग्रीन कार्डवर, मुलांच्या कॉलेजवर कार्यक्रम होतात आणि चांगले होतात, पण ट्रक चालवणारा माणूस कार्यक्रमाला आला तर मागच्या रांगेत बसून जेवून निघून जातो, त्याच्या कामाचं तिथं काही नसतं. गणपतीच्या आसपासच २२९० ची तारीख असते, त्या दिवसांत एका शनिवारी दुपारी हॉलची एक खोली आणि एक प्रोजेक्टर द्या. जे दहा-बारा वर्षं रस्त्यावर आहेत त्यांनी आपलं एखादं खरं क्वार्टर पडद्यावर लावून पहिल्या माईलपासून शेवटच्या आकड्यापर्यंत भरून दाखवावं. मी माझ्या वह्या आणि पावत्या घेऊन यायला तयार आहे, लोड नसेल त्या कुठल्याही शनिवारी, आठ तासांच्या ड्राईव्हच्या आत कुठंही. आणि ज्यांची ऑडिटची लेटर्स आत्ता आलीत त्यांनी मंडळाची वाट बघू नका, लेटरवर उत्तर द्यायची तारीख असते ती आज बघा, वेळ कमी असेल तर मुदतवाढ लेखी मागा, आणि पोर्टलचा पासवर्ड आजच्या आज स्वतःकडं घ्या.

तुमचाच,
एक ओनर-ऑपरेटर